एस्ट्राडायोल देऊनही दीडपटच वाढ? आधी शून्य तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींमध्ये तुम्ही तीन प्लाझ्मिड (डीएनएची छोटी वर्तुळं) एकत्र घालता: तीन ईआरई (एस्ट्रोजेन रिसेप्टर डीएनएवर बसतो त्या जागा) असलेलं फायरफ्लाय ल्युसिफेरेजचं रिपोर्टर, म्हणजे जनुक चालू झालं की प्रकाश देणारी खूण; सीएमव्ही विषाणूच्या प्रमोटरवरचं (जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावरचं) ईआर-अल्फा, म्हणजे एस्ट्रोजेन रिसेप्टर; आणि नॉर्मलायझेशनसाठी, म्हणजे पेशींमधला इतर फरक भागून काढायला, सीएमव्ही-रेनिला हे दुसरं ल्युसिफेरेज. दुसऱ्या दिवशी १० नॅनोमोलर एस्ट्राडायोल हे एस्ट्रोजेन हॉर्मोन दिलं की प्रकाश जेमतेम दीडपट वाढतो, आणि शतावरीच्या अर्काने मात्र तिप्पट. रिपोर्टर खराब आहे असं समजून दुसरं मागवायचा विचार चालू आहे, तर कोणतं मागवावं?

अजून काहीही मागवू नका. तुमचं रिपोर्टर उत्तम चाललं आहे, आणि त्याचा पुरावा तुम्हीच दिलेल्या आकड्यांत आहे. हॉर्मोन ज्यात विरघळवता ते नुसतं इथेनॉल दिलेल्या वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यात) रीडिंग ४ लाख, एस्ट्राडायोलच्या वेलमध्ये ६ लाख, आणि ईआरई काढून नुसता मूळ प्रमोटर ठेवलेल्या टाटा-ल्युसिफेरेजच्या वेलमध्ये फक्त ९ हजार. या तिसऱ्या आकड्याकडे तुमचं लक्ष गेलेलं दिसत नाही. हॉर्मोन न देता तुमचं रिपोर्टर चाळीसपटीहून जास्त पेटलेलं आहे! दीडपट हा शेवटी भागाकार आहे. मुख्य बिघाड खालच्या आकड्यात आहे, तो फुगलेला आहे. पेशींना तुम्ही हॉर्मोन देण्याआधीच कुणीतरी दिलेलं आहे, किंवा रिसेप्टर हॉर्मोनशिवायच चालू आहे. माझ्या मते दोन्ही घडतंय.

हॉर्मोन रिसेप्टरच्या कामात माझी निम्मी वर्षं या 'शून्या'मागेच गेली. प्लाझ्मिडचा नकाशा चार दिवसांत समजतो, पण हॉर्मोन नसलेली पेशी खरोखर हॉर्मोन नसलेली असणं फार कठीण आहे. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

तुमचा मीडिया (पेशी वाढवायचं द्रावण) लाल आहे का? फोटोत तरी लालच दिसतोय. तो रंग फिनॉल रेडचा. १९८६ साली अमेरिकेत कॅट्झेनेलेनबोगेन यांच्या गटाने दाखवलं, की मीडियात रोज असणारं फिनॉल रेड एमसीएफ-७ पेशींवर एस्ट्रोजेनसारखा परिणाम करतं. पुढे कळलं की दोष त्या रंगाच्या रेणूचा नसून त्यात राहून जाणाऱ्या एका अशुद्धीचा आहे. म्हणजे बाटलीगणिक, लॉटगणिक परिणाम कमीजास्त होणार. त्याआधीची कित्येक वर्षं लोक या पेशींना नकळत एस्ट्रोजेन पाजत होते, आणि 'एमसीएफ-७ ला वाढायला एस्ट्रोजेन लागतच नाही' असेही निष्कर्ष निघत होते.

त्याहून बोलका किस्सा बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठातला आहे. आना सोतो आणि कार्लोस सोनेनशाइन यांच्या प्रयोगशाळेत, एस्ट्रोजेन काढून टाकलेल्या सीरममध्ये (मीडियात घालतात त्या रक्तातल्या द्रवात) ज्या पेशी गप्प बसायला हव्यात, त्या एकाएकी वाढायला लागल्या. हॉर्मोन दिलेल्या आणि न दिलेल्या प्लेट सारख्याच दिसू लागल्या. त्यांनी एकेक गोष्ट बदलून पाहिली आणि शेवटी बोट ठेवलं ते सीरम साठवायच्या प्लॅस्टिकच्या सेंट्रिफ्यूज ट्यूबवर. ट्यूबच्या पॉलिस्टायरीनमधून नोनिलफिनॉल झिरपत होतं, आणि ते एस्ट्रोजेनसारखं वागत होतं. १९९१ साली त्यांनी हे छापलं. दोनच वर्षांनी स्टॅनफर्डच्या गटाला पॉलिकार्बोनेटच्या फ्लास्कमध्ये ऑटोक्लेव्ह केलेल्या पाण्यात बिस्फिनॉल-ए सापडलं. आज बिस्फिनॉलबद्दल घरोघरी बोललं जातं, पण प्रयोगशाळेत त्याची ओळख 'कंट्रोल बिघडवणारी गोष्ट' म्हणून झाली होती, हे विसरायला नको.

तेव्हा पेशी उपाशी, म्हणजे हॉर्मोनशिवाय, कशा ठेवायच्या ते नीट सांगते. फिनॉल रेड नसलेला डीएमईएम हा मीडिया घ्या. सीरम चारकोल-डेक्स्ट्रानने धुतलेलं, म्हणजे स्टेरॉइड काढून टाकलेलं, ५ टक्के. शुक्रवारी संध्याकाळी फ्लास्कमधला जुना मीडिया काढा, पीबीएसने (मिठाच्या बफरने) दोनदा धुवा आणि नवा मीडिया घाला. शनिवारी तो पुन्हा बदला, कारण पेशींच्या पटलात आणि फ्लास्कच्या भिंतींत मुरलेलं स्टेरॉइड पहिल्या दिवशी हळूहळू बाहेर येत राहतं. सोमवारी याच मीडियात २४ वेलच्या प्लेटमध्ये पेशी लावा, मंगळवारी ट्रान्सफेक्शन (प्लाझ्मिड पेशींत घालणं), बुधवारी हॉर्मोन, गुरुवारी लायसिस (पेशी फोडून प्रकाश मोजणं). तुम्ही ट्रान्सफेक्शनच्या दिवशी मीडिया बदलता आणि दुसऱ्या दिवशी हॉर्मोन देता, म्हणजे पेशी एक दिवसच उपाशी. तेवढ्याने भागत नाही.

मीडियात इन्सुलिन घालता का तेही पाहा. एमसीएफ-७ च्या बऱ्याच जुन्या प्रोटोकॉलमध्ये ते असतं. वाढीच्या घटकांमुळे एमएपी कायनेज हे एन्झाइम जागं होतं, ते ईआर-अल्फाच्या ११८ व्या सेरीनवर फॉस्फेट चढवतं, आणि हॉर्मोन नसतानाही रिसेप्टर थोडाफार काम करू लागतो. प्रयोगाच्या आठवड्यात इन्सुलिन बंद ठेवा.

आता ते ईआर-अल्फाचं प्लाझ्मिड. एमसीएफ-७ मध्ये ते का घालताय? या पेशींमध्ये स्वतःचा ईआर-अल्फा भरपूर असतो, म्हणून तर जगभर त्या वापरतात. त्यावर सीएमव्हीसारख्या जोरकस प्रमोटरवरून आणखी रिसेप्टर ओतला की दोन गोष्टी होतात. एक, हॉर्मोन नसतानाचं शून्य वर चढतं, कारण रिसेप्टरची गर्दी झाली की हॉर्मोनशिवायचा थोडा थोडा परिणामही एकत्र होऊन मोठा दिसतो. दुसरं, वरचं टोक खाली येतं. रिसेप्टरला जनुक चालू करायला कोअ‍ॅक्टिव्हेटर प्रथिनं लागतात आणि ती मोजकीच असतात. गरजेपेक्षा जास्त रिसेप्टर झाले की डीएनएवर न बसलेले रिसेप्टर ती प्रथिनं अडवून धरतात. याला स्क्वेल्चिंग म्हणतात. एक स्टेरॉइड रिसेप्टर दुसऱ्याचं काम असं बंद पाडू शकतो, हे १९८९ मध्येच दाखवलं गेलं आहे. वरून दाबलं आणि खालून उचललं, तर मध्ये दीडपटच उरणार.

म्हणून एमसीएफ-७ मध्ये नुसतं रिपोर्टर घाला. बाहेरून रिसेप्टर घालायची जागा म्हणजे ज्या पेशींत तो मुळात नाही, उदाहरणार्थ एचईके-२९३ किंवा हेला. तिथेही हात आखडता ठेवा. २४ वेलच्या प्लेटमध्ये मी रिपोर्टर २५० नॅनोग्रॅम घेते, रिसेप्टर फक्त १० आणि रेनिला ५, आणि रिकाम्या वेक्टरने (जनुक नसलेल्या प्लाझ्मिडने) सगळ्या वेलमधलं एकूण डीएनए सारखं भरते. पहिल्यांदा १, ५, २५, १०० नॅनोग्रॅम रिसेप्टर अशी शिडी लावून पाहा. १०० ला वाढीचं प्रमाण घसरताना डोळ्यांनी दिसेल, आणि मग स्क्वेल्चिंग समजावून सांगावं लागणार नाही. रिकामा वेक्टर तोच घ्या ज्यात रिसेप्टर बसवलेला आहे, कारण सीएमव्ही प्रमोटरच्या नुसत्या प्रतीही पेशीतली प्रथिनं वाटून घेतात. आणि एचईके-२९३टी वापरत असाल तर जपून. तिच्यात एसव्ही-४० चा लार्ज टी असतो, त्यामुळे एसव्ही-४० चं ओरिजिन असलेलं प्लाझ्मिड पेशीत शिरल्यावर वाढत जातं आणि तुमचे १० नॅनोग्रॅम कागदावरच राहतात.

तुमच्या ट्यूबवर नुसतं 'ईआर अल्फा' लिहिलं आहे आणि ती शेजारच्या प्रयोगशाळेतून आली आहे, असं तुम्ही लिहिलंत. हे वाचून मी थांबले. ईआर-अल्फाच्या बाबतीत तरी ट्यूबवरच्या नावावर विश्वास ठेवू नये, आणि याला मोठा इतिहास आहे.

स्ट्रासबुर्गमध्ये पिएर शाँबों यांच्या प्रयोगशाळेने १९८६ च्या सुमारास एमसीएफ-७ पेशींमधूनच मानवी एस्ट्रोजेन रिसेप्टरचं सीडीएनए (जनुकाच्या आरएनएवरून बनवलेली डीएनएची प्रत) मिळवलं. ५९५ अमिनो आम्लांचं प्रथिन. त्या प्लाझ्मिडचं नाव एचई-शून्य. ते जगभर वाटलं गेलं आणि त्यावर ढीगभर काम झालं. १९८९ मध्ये त्याच प्रयोगशाळेने स्वतःच जाहीर केलं की या क्लोनमध्ये एक चूक आहे: ४०० व्या जागी ग्लायसिन हवं तिथे व्हॅलिन आलं आहे. ही चूक पेशीतली नव्हती, क्लोनिंग करताना शिरलेली होती. डीएनएच्या भाषेत एका 'जी'च्या जागी 'टी', बस्स. पण ती जागा हॉर्मोन धरणाऱ्या भागात आहे. थंडीत मोजलं तर हॉर्मोन पकडण्याची ताकद ठीक दिसायची, तापमान वाढवलं की ती ढासळायची. पेशी तर ३७ अंशांवर असतात. सुधारलेल्या क्लोनला त्यांनी नाव दिलं एचईजी-शून्य, आणि त्यातला 'जी' म्हणजे ग्लायसिन. दोन्ही प्लाझ्मिड आजही फ्रीजरांमधून फिरतात, आणि दोघांनाही लोक 'ईआर अल्फा' म्हणतात.

आपलीच इतकी गाजलेली वस्तू सदोष आहे हे त्यांनी उघडपणे छापलं, याचा मला आजही आदर वाटतो. आणि गंमत म्हणजे तोच बदल पुढे मुद्दाम वापरला गेला. उंदरांमध्ये टॅमॉक्सिफेन दिल्यावरच चालू होणारं क्री रिकॉम्बिनेज (डीएनए कापून जोडणारं एन्झाइम) तुम्ही ऐकलं असेल. त्यातल्या ईआर-टी-२ नावाच्या तुकड्यात ४०० व्या जागी व्हॅलिन आहेच, शिवाय ५४३ आणि ५४४ व्या जागीही बदल केलेले आहेत. उंदराच्या अंगातल्या एस्ट्राडायोलने तो जागा होऊ नये, ही त्यामागची गरज.

म्हणून ट्यूबमधलं डीएनए जिवाणूंत घालून घ्या, एकच कॉलनी उचला, मिडीप्रेप करा (प्लाझ्मिड शुद्ध करून घ्या) आणि अख्ख्या प्लाझ्मिडचं सीक्वेन्सिंग करून घ्या. आता नॅनोपोरवर संपूर्ण प्लाझ्मिड एका फेरीत वाचता येतं, ते फार महागही राहिलेलं नाही. ४०० व्या जागेबरोबर ५३७ आणि ५३८ या जागाही बघा. वाय-५३७-एस आणि डी-५३८-जी ही म्युटेशनं औषधांना न जुमानणाऱ्या स्तनाच्या कर्करोगात सापडतात, आणि त्यांत रिसेप्टर हॉर्मोनशिवाय सतत चालू असतो. त्या प्रयोगशाळेत अशा म्युटंटवर काम होत असेल आणि ट्यूब अदलाबदल झाली असेल, तर तुमचं फुगलेलं शून्य तेवढ्यानेही समजेल.

रेनिलाबद्दल थोडं माझ्या अनुभवातून. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरवर, म्हणजे कॉर्टिसॉल धरणाऱ्या रिसेप्टरवर, काम करत होते. डेक्सामेथासोन हे त्याचं कृत्रिम हॉर्मोन दिल्यावर 'दुप्पट जास्त' प्रतिसाद देणारा एक म्युटंट मला सापडला होता. तीन वेळा तसाच आकडा आला. पोस्टर छापून झालं. मग एका सीनियरने मला फायरफ्लाय आणि रेनिलाचे कच्चे आकडे वेगवेगळे काढून दाखवायला सांगितले. फायरफ्लाय जागचं हललेलं नव्हतं. डेक्सामेथासोनने रेनिलाच निम्म्यावर आलं होतं आणि भागाकारात दुप्पट झाली होती. त्या संध्याकाळी मी पोस्टरची गुंडाळी उघडलीसुद्धा नाही. तेव्हापासून माझ्याकडे कुणी नुसतं गुणोत्तर घेऊन आलं की मी आधी दोन्ही रकाने मागते.

हॉर्मोनच्या प्रयोगात कोणताच नॉर्मलायझेशन प्रमोटर आपोआप निर्दोष नसतो. सीएमव्हीमध्ये तर सायक्लिक एएमपी या पेशीतल्या निरोप्या रेणूला प्रतिसाद देणाऱ्या जागाच आहेत, तो रेणू वाढवणारं फोर्सकोलिन दिलं की सीएमव्हीचं काम वाढतं. तुम्ही मंद प्रमोटरवरचं रेनिला घ्या, ते वेलमागे ५ नॅनोग्रॅमच्या वर नेऊ नका, आणि एका ओळीत नुसतं रेनिला घालून हॉर्मोन, अर्क आणि इथेनॉल तिन्ही देऊन पाहा. तिन्हींत आकडा सारखा आला तरच त्याने भागा.

आता शतावरी. एस्ट्राडायोलचं टोक रिसेप्टर पूर्ण भरल्यावर येतं, आणि १० नॅनोमोलर म्हणजे तो भरून वर उरणारी मात्रा. मग अर्क त्याच्याही दुप्पट कसा जातो? हे पाहून आनंद होणं साहजिक आहे, पण इथे ल्युसिफेरेजचा स्वतःचा एक सापळा आहे. ल्युसिफेरेज हे एन्झाइम आहे, आणि पेशीत त्याचं अर्धआयुष्य साधारण तीन तासांचं. वनस्पतींमधली कित्येक फिनॉलिक संयुगं थेट या एन्झाइमला चिकटतात. चिकटल्यावर ते मोडत नाही आणि पेशीत साठत जातं. लायसिसनंतर सब्स्ट्रेटच्या भरपूर मात्रेपुढे ते संयुग बाजूला होतं आणि प्रकाश जास्त येतो. म्हणजे जनुक जास्त चाललेलं नसतं, एन्झाइम जास्त टिकलेलं असतं. सोयाबीनमधलं जेनिस्टीन ईआर रिपोर्टरमध्ये एस्ट्राडायोलच्याही वर जाताना दिसतं, त्यामागे हे कारण सापडलं आहे. द्राक्षांतलं रेस्व्हेराट्रोलही फायरफ्लाय ल्युसिफेरेजला अडवतं.

हे तपासायला एक वेल पुरे: ज्यात फायरफ्लाय ल्युसिफेरेज सतत चालणाऱ्या प्रमोटरवर आहे आणि ईआरई नाही, त्या पेशींना अर्क द्या. तिथेही प्रकाश वाढला तर ती वाढ एस्ट्रोजेनच्या खात्यात मांडू नका. दुसरी तपासणी फुलव्हेस्ट्रंटची, म्हणजे एस्ट्रोजेन रिसेप्टर बंद पाडणाऱ्या औषधाची. १०० नॅनोमोलर ते १ मायक्रोमोलर फुलव्हेस्ट्रंट अर्कासोबत दिल्यावर जेवढा भाग पुसला जातो, तेवढाच रिसेप्टरमार्फत आलेला. आणि तिसरी, जी समीक्षक मागणारच: प्लाझ्मिड न घालता, त्याच पेशींत टीएफएफ-१, जीआरईबी-१ आणि पीजीआर या एस्ट्रोजेनने चालू होणाऱ्या जनुकांचा मेसेंजर आरएनए क्यूपीसीआरने मोजा. ही जनुकं पेशीच्या स्वतःच्या क्रोमॅटिनमध्ये आहेत, तिथे ल्युसिफेरेजचा प्रश्नच येत नाही. अर्क शतावरीचा आहे म्हणून तो एस्ट्रोजेनसारखा असणारच, ही धारणा आपल्याकडे घट्ट बसलेली आहे. कदाचित तसं असेलही. पण मग ते या तीन तपासण्यांमधून पार पडलं पाहिजे.

एवढं सगळं जागेवर आल्यावर खरोखर काही मागवायचंच असेल, तर मी एक गोष्ट सुचवेन: गॅल-४ ची जोडी. यीस्टमधल्या गॅल-४ प्रथिनाचा डीएनएला चिकटणारा तुकडा रिसेप्टरच्या हॉर्मोन धरणाऱ्या भागाला जोडलेला असतो, आणि रिपोर्टरमध्ये ईआरईऐवजी गॅल-४ च्या जागा, म्हणजे यूएएस. मानवी पेशीत गॅल-४ नसतंच, त्यामुळे त्या जागांवर पेशीतलं दुसरं कुणी येऊन बसत नाही आणि शून्य फार स्वच्छ मिळतं. मोबदल्यात रिसेप्टरचा पुढचा भाग, एएफ-१, गमवावा लागतो. त्यामुळे 'हा अर्क हॉर्मोनच्या खोबणीत बसतो का' या प्रश्नाला हे उत्तम, पण संपूर्ण रिसेप्टरचं वागणं यातून कळत नाही.

ल्युसिफेरेजने कंटाळला असाल तर एकदा जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) जोडलेला ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर पेशीत घालून सूक्ष्मदर्शकाखाली बसा. उपाशी पेशीत हिरवा रंग केंद्रकाभोवती पसरलेला असतो आणि केंद्रक काळं, गोल छिद्र पडल्यासारखं. १०० नॅनोमोलर डेक्सामेथासोन घाला आणि घड्याळ लावा. पाच-दहा मिनिटांत काळ्या गोलाच्या कडा पुसट होतात, अर्ध्या तासात चित्र उलटतं: केंद्रक हिरवंगार, बाहेर अंधार. पण सीरम न धुता हेच करून पाहा. गाईच्या सीरममधल्या कॉर्टिसॉलमुळे बऱ्याच पेशींत रिसेप्टर आधीच आत जाऊन बसलेला दिसतो. तुमच्या ४ लाखांच्या रीडिंगमध्ये काय चाललं होतं, ते इथे डोळ्यांना दिसतं. ईआर-अल्फामध्ये हे नाट्य नाही, तो हॉर्मोनशिवायही केंद्रकातच असतो. एस्ट्राडायोलने त्याची ठिपक्याठिपक्यांची रचना होते, ती बघायला चांगला कॉन्फोकल लागतो.

शेवटी तुम्ही एफएसएच (पिट्युटरी ग्रंथीचं प्रजननाशी संबंधित हॉर्मोन) याच्या रिसेप्टरसाठी हेच रिपोर्टर चालेल का असं विचारलंत. नाही. तो पेशीच्या पटलावरचा रिसेप्टर, जी-प्रथिनामार्फत सायक्लिक एएमपी वाढवतो. त्याला सीआरई-ल्युसिफेरेज, म्हणजे सायक्लिक एएमपीला प्रतिसाद देणाऱ्या जागा असलेलं रिपोर्टर, लागेल, आणि रिसेप्टरला वळसा घालून थेट पुढची पायरी चालू करणारं फोर्सकोलिन हे पॉझिटिव्ह कंट्रोल. पण सायक्लिक एएमपी मिनिटांत वर जाऊन खाली येतो, ल्युसिफेरेज तयार व्हायला तास लागतात. वेळेचा आलेख हवा असेल तर थेट सायक्लिक एएमपी दाखवणारं, ग्लोसेन्सरसारखं किंवा ईपॅक प्रथिनावर बेतलेलं फ्रेट सेन्सरचं प्लाझ्मिड घ्या. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल स्वास्थ्य संशोधन संस्थेत या रिसेप्टरवर बरंच काम झालेलं आहे. तिथले शोधनिबंध आधी वाचा.

पेशींबद्दल एक. तुमच्या एमसीएफ-७ कितव्या पॅसेजच्या (किती वेळा विभागून वाढवलेल्या) आहेत ते तुम्हाला माहीत नाही, असं दिसतं. या पेशी प्रयोगशाळेगणिक बदलत गेल्या आहेत. काही ठिकाणी तर त्यांचा एस्ट्रोजेनला प्रतिसाद खूपच मंदावला आहे. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राच्या साठ्यातून नव्या मागवा, आल्या आल्या मायकोप्लाझ्मा (पेशींत छुपा शिरणारा जिवाणू) तपासा आणि पहिल्याच आठवड्यात दहा-बारा व्हायल गोठवून ठेवा. बाहेरून प्लाझ्मिड आणायचं ठरलं तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी आधी घ्या. ते कागद प्लाझ्मिडपेक्षा जास्त वेळ खातात.

पहिली प्लेट छोटीच लावा. फक्त रिपोर्टर आणि रेनिला, रिसेप्टर नाही, अर्क नाही. एस्ट्राडायोलचं वजन २७२.४, म्हणजे १ मिलिलिटर शुद्ध इथेनॉलमध्ये २.७२ मिलिग्रॅम विरघळवलं की १० मिलिमोलर. त्यातून इथेनॉलमध्येच हजारपट पातळ करा, आणि त्यातलं १ मायक्रोलिटर प्रत्येक मिलिलिटर मीडियाला. झाले १० नॅनोमोलर, इथेनॉल ०.१ टक्का. तीन-तीन वेल चारच गोष्टींचे: इथेनॉल, एस्ट्राडायोल, एस्ट्राडायोलसोबत फुलव्हेस्ट्रंट, आणि नुसतं फुलव्हेस्ट्रंट. चौथी गोष्ट बहुतेक जण गाळतात, आणि मला तीच हवी आहे. नुसत्या फुलव्हेस्ट्रंटने इथेनॉलच्या वेलपेक्षा प्रकाश खाली गेला, तर तुमच्या 'विना हॉर्मोन' पेशींत रिसेप्टर अजूनही चालू आहे. मग मीडिया, सीरम, इन्सुलिन, प्लॅस्टिक या क्रमाने शोधत जा. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले आणि एस्ट्राडायोलने पाच-सहापट तरी उडी मारली, की मग शतावरीची बाटली उघडा. फायरफ्लाय आणि रेनिलाचे रकाने वेगवेगळे पाठवा, गुणोत्तर मी काढेन.